जुनी फियाट आणि कारखान्याबाहेरचे हात

कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत बोनस, कंत्राटी पद्धत, महागाई हे विषय सोडून जुन्या मोटारीवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटणे साहजिक आहे. मोटार ही चैन, आणि जुनी मोटार हौसेने नवी करणे ही तर चैनीच्या पलीकडची चैन, असा आपला समज आहे. मुंबईत जुन्या मोटारींचे मेळावे भरतात. तेथे संस्थानिकांच्या घरातल्या रोल्स रॉइस पाहून तो समज अधिकच पक्का होतो. परंतु बोईसरच्या चाळींच्या मागे, किंवा पालघरला माहीम रस्त्याच्या एखाद्या गल्लीत डोकावले, तर ताडपत्रीखाली उभी केलेली प्रीमियर पद्मिनी अधूनमधून दिसते. तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फिटरचे किंवा वेल्डरचे असतात. हे काम काय असते, ते कसे करावे, कोठे थांबावे आणि त्यात जिवाला धोका कोठे आहे, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

पुष्कळ तरुणांना आपल्या फियाटची 'स्पोर्ट्स कार' करायची असते. त्यांना लोक हसतात. पण ह्या साध्या गाडीचे कुळ पाहिले तर हसणाऱ्यांनाही जरा थांबावे लागेल. १९३७ साली इटलीत ट्यूरिनच्या फियाट कारखान्याने ५०८ सी नावाची गाडी काढली. दान्ते जाकोझा ह्या अभियंत्याचे ते काम. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. अशा चार सिलिंडरांचे घनफळ १०८९ घनसेंटिमीटर भरते. ज्याला शंका असेल त्याने घरी जाऊन हिशेब करून पाहावा. दुसरे महायुद्ध संपल्यावर पिएरो दूझिओ ह्या उद्योगपतीने चिझितालिया नावाचा लहानसा कारखाना काढला आणि ह्याच फियाट इंजिनावर शर्यतीच्या गाड्या बांधल्या. १९४७ साली इटलीतल्या हजार मैलांच्या शर्यतीत नुव्होलारी हा उतारवयाचा, प्रकृतीने खचलेला चालक तसल्याच एका उघड्या गाडीत बसून दुसरा आला. चिझितालियाच्या २०२ ह्या गाडीचे पिनिन फारिनाने घडविलेले अंग न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९५१ साली प्रदर्शनात मांडले, आणि पुढे तशी एक गाडी कायमची ठेवून घेतली. ६८ आणि ७५ ही तीच मापे घेऊन १९५३ साली फियाट ११०० निघाली, आणि १९५४ पासून ती आपल्या कुर्ल्याला तयार होऊ लागली. बोईसरच्या अंगणातले इंजिन ते हेच.

कुर्ल्याचा कारखाना प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी ती कंपनी १९४४ साली स्थापिली. पहिल्या गोल पाठीच्या ११०० ला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' हे नाव देऊन टाकले. १९६४ च्या सुमारास सरळ रेषांची ११०० डी आली, आणि १९७० च्या दशकात तिचेच नाव पद्मिनी झाले. नव्या शतकाच्या तोंडाशी तिचे उत्पादन थांबले. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली. कामगार कायद्याचा अभ्यास करणाऱ्याला मात्र प्रीमियरचे नाव रस्त्यापेक्षा निवाड्यात आधी भेटते. औद्योगिक तंटा दिवाणी न्यायालयात कधी नेता येतो आणि कधी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली ज्या खटल्यात स्पष्ट केले, तो खटला प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध कमलाकर शांताराम वाडके हाच. आम्ही तो निवाडा शब्दकोश शेजारी ठेवून वाचला होता. ज्या हातांनी ह्या गाड्या जोडल्या, त्या हातांचा तो कागद आहे, म्हणून त्याचा येथे उल्लेख केला.

आता कामगार ह्या भानगडीत का पडतो? पैसा सुटतो म्हणून नव्हे. जुन्या फियाटवर घातलेला पैसा क्वचितच परत येतो. आमच्या मते कारण निराळे आहे. कारखान्यात वेल्डर आठ तास एकच सांधा भरतो. टर्नर एकाच मापाचे शंभर नग उतरवितो. ते कोणत्या यंत्रात बसतात हे त्याला कोणी सांगत नाही. फियाटमध्ये त्याला सबंध वस्तू दिसते. आपण कातलेली बुशिंग कोठे बसली आणि तिच्यामुळे कोणता खडखडाट बंद झाला, हे त्याच्या कानांना कळते. शिवाय हे काम एका माणसाचे नाही. पत्र्याला वेल्डर लागतो, इंजिनाला फिटर, तारांना इलेक्ट्रिशियन, गादीला शिलाईवाला. बोईसरला ही सारी माणसे एका चाळीत सापडतात. आणि आपल्या भागाची खास देणगी म्हणजे चिंचणी-वाणगाव पट्ट्यातले डायमेकर. दागिन्यांचे साचे पोलादात कोरणारे हे लोक. बोनेटवरचे हरवलेले अक्षर किंवा चमकपट्टीचा तुटलेला तुकडा त्यांच्या हाताला जड नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी तर 'मीरा' नावाची छोटी मोटार मुळापासून स्वतः बनविली होती. ती मोठ्या उत्पादनापर्यंत गेली नाही, ही गोष्ट वेगळी.

कामाला हात घालण्यापूर्वी कागद पाहावा. नोंदणीपत्र नसलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये. चॅसिसवरचा ठोकलेला क्रमांक आणि पत्रातला क्रमांक अक्षराअक्षराने जुळवावा. त्या क्रमांकाच्या आसपासचा पत्रा गंजला असेल तर तो कापण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून यावे. क्रमांक एकदा करवतीखाली गेला की गाडी कायद्याच्या दृष्टीने मेली.

त्यानंतर गंज. ह्या विषयावर आम्ही थोडे अधिक बोलणार आहोत, कारण आपल्याकडे गाडी चालून झिजत नाही इतकी उभी राहून कुजते. लोखंडाला गंजण्यास पाणी आणि हवा लागते; मिठाचे कण असले की पाणी विजेचे चांगले वाहक होते आणि पत्र्याच्या एका जागेकडून दुसऱ्या जागेकडे सूक्ष्म प्रवाह चालू होऊन काम जोरात होते. चिंचणी-तारापूरचा खारा वारा आहे, वर रासायनिक कारखान्यांची आम्लाची वाफ आहे, आणि चार महिने कोकणचा पाऊस. पुण्याची गाडी आणि तारापूरची गाडी एकाच वर्षाची असली तरी त्यांचे वय एक नसते. वरचा रंग पाहून फसू नये. दाराखालचे पोकळ पन्हळ, दारांच्या आतला तळ, बॅटरी ठेवायची जागा, पायाखालचा तळपत्रा, पुढच्या दिव्यांमागचा मडगार्डाचा कोपरा, जॅक लावायच्या जागा, येथे स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकीत जावे. टणक आवाज आला तर पत्रा आहे; बद्द आवाज आला तर लांबी आहे, म्हणजे पूर्वीच्या कोणी पेंटरने पुट्टीने भोक बुजविले आहे.

पद्मिनीला वेगळी चौकट नाही. अंगाचा पत्राच सांगाडा आहे. म्हणून दाराखालचे पन्हळ कुजले तर ती केवळ शोभेची गोष्ट राहत नाही, गाडीचा कणाच कुजला असे समजावे. ते कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी नळ टाकून ती घट्ट बांधावी. नाहीतर गाडी मधोमध वाकते, आणि नवा पत्रा जोडून झाल्यावर दार लागत नाही. पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड. साध्या आर्क वेल्डिंगने तो जळून भोक पडते, गॅसने तापून लाटा येतात. वसाहतीत ज्याला 'सीओटू' म्हणतात ते वेल्डिंग येथे योग्य. त्यातही सलग ओढू नये. एक टाका येथे, दुसरा वीतभर अंतरावर, मग मधला, असे शिवणकाम करावे. पोकळ पन्हळाच्या खालच्या बाजूस कारखान्याने पाणी निघून जायला भोके ठेवलेली असतात. हौशी माणूस ती नीटनेटकेपणासाठी बुजवितो, आणि तीन पावसाळ्यांत पुन्हा तेथेच येतो.

सुटे होणारे लहान भाग गंजमुक्त करायला एक स्वस्त युक्ती आहे. प्लास्टिकच्या पिंपात धुण्याचा सोडा विरघळवावा, गंजका भाग चार्जरच्या ऋण तारेला आणि भंगार लोखंडाचा तुकडा धन तारेला जोडून पाण्यात सोडावा. रात्रीत गंज भुसभुशीत होऊन ब्रशने निघतो. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये; त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. आणि ह्या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून ती बंद खोलीत, बिडी ओढीत करू नये. स्प्रिंगा तर ह्या पिंपात टाकूच नयेत, त्या ठिसूळ होतात.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे, व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि त्यांना चालविणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये. ज्याने कारखान्यात पंप उघडला आहे त्याला हे उघडायला भीती नाही. हेड तापून वाकडे झाले आहे का ते सपाट पट्टी लावून पाहावे, सिलिंडर झिजले असतील तर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावेत, क्रँक मायक्रोमीटरने मोजावा. सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारात आणि चोरबाजारात अजून मिळतात. मूळ इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले. ते पेट्रोल देशात २००० सालापासून बंद झाले. तेव्हा हेड उघडलेच आहे तर व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवून घ्याव्यात. आता तर पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला फुगवते आणि हवेतले पाणी ओढून टाकीच्या तळाशी नेते. पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधली पॅकिंग आजच्या रबराची घालणे हा फेरबदल अस्सलपणाच्या कोणत्याही अभिमान्याने निमूटपणे करावा.

आता शर्यतीच्या वेडाकडे वळू. हेड थोडे तासून इंजिनाचा जोर वाढविता येतो, ही युक्ती चिझितालियाच्या काळापासून चालत आली आहे. तिचा हिशेब असा. एका सिलिंडरचे घनफळ २७२ घनसेंटिमीटर. पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा समजा ४० घनसेंटिमीटर. म्हणजे ३१२ चे ४० होतात, दाबाचे प्रमाण ७.८. हेड एक मिलिमीटर तासले आणि जळण्याच्या खोलगटाचे तोंड सिलिंडरएवढे धरले, तर जागा सुमारे साडेतीन घनसेंटिमीटरने कमी होते आणि प्रमाण साडेआठच्या जवळ जाते. प्रत्यक्षात खोलगटाचे तोंड लहान असते, म्हणून वाढ थोडी कमी. इतपत ठीक. ह्याहून लोभ केला तर पेट्रोल ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटते, इंजिन चढावर टकटक वाजते आणि पिस्टन फुटतो.

खरा घोटाळा पुढे आहे. काही जण पद्मिनीचे इंजिनच काढून मारुती जिप्सीचे १३०० चे इंजिन आणि गिअरबॉक्स बसवितात. मूळ ताकद सुमारे ४० अश्वशक्ती, ती दुप्पट होते. मात्र ब्रेक तेच, चारही चाकांना ड्रम. वेगाचा जोर वर्गाच्या पटीत वाढतो: ताशी ६० वर असलेल्या गाडीला थांबवायला जेवढी ऊर्जा ब्रेकने पचवायची, तिच्या दुप्पट ताशी ८५ वर पचवावी लागते. ही सारी उष्णता ड्रममध्येच कोंडते. मनोरच्या हमरस्त्यावर हे गणित चुकले तर ते पुन्हा सोडवायला मिळत नाही. आमचा आग्रह असा की आधी ब्रेक, मग स्टिअरिंगचे सांधे, मग टायर, आणि मग उरलेल्या पैशांत इंजिन.

दुसरे वेड म्हणजे लग्नाच्या वरातीसाठी छप्पर कापून उघडी गाडी करणे. चपलांचे खोके घ्या. झाकण लावून पिळून पाहा, मग झाकण काढून पिळा. छप्पर हे पद्मिनीचे झाकण आहे. उघड्या गाड्या बांधणारे कारखाने खाली दुहेरी मजबूत पन्हळे घालतात. कटर घेऊन आलेला शेजारी ती घालीत नाही. अशी गाडी खड्ड्यात दार उघडून देते, आणि अपघातात मिटते.

कायदाही ह्याच बाजूला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या बाबी कारखानदाराच्या मूळ तपशिलापासून वेगळ्या होतील असा फेरबदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तेच उचलून धरले. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 'व्हिंटेज' अशी वेगळी नोंदणी आणली. तिची अटच ही की गाडी मूळ रूपात असावी, अंगात, चौकटीत, इंजिनात मोठा बदल नसावा. तशी गाडी मेळाव्याला, प्रदर्शनाला किंवा दुरुस्तीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. १९७० च्या दशकातल्या पहिल्या पद्मिनी आता एकामागून एक त्या वयात येत आहेत. तेव्हा जिप्सीचे इंजिन घालणाऱ्याने आपण काय गमावतो ते आधी पाहावे. बाकीच्या गाड्यांना पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आहेच. फेरनोंदणीची फी ६०० रुपये होती, ती २०२२ साली ५,००० झाली आणि पुढे वीस वर्षांवरील गाड्यांना आणखी वाढली. जुन्या गाड्यांचा धूर कमी व्हावा हे आम्हाला मान्य आहे. पण महिन्यातून दोनदा चिंचणीच्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या गाडीला आणि रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्या गाडीला एकच काठी लावणे आम्हाला पटत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय मुद्दाम निवडला ती सांगतो. फाटकावर उभे राहून आमच्याबरोबर हातमोजे, चष्मे आणि धूर ओढून घेणारे पंखे मागणारा माणूस घरी आल्यावर उघड्या हातांनी, चष्म्याशिवाय गाडीखाली शिरतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्रांभोवती जी शिस्त आणली ती त्याच्या अंगणाच्या दारापर्यंत येत नाही. आमच्या माहितीतल्या एका फिटरने गाडी विटांवर चढविली होती. वीट भार सोसते, पण चीर गेली की ती वाकत नाही, एकदम चुरते. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. कारखान्यात तो अवघड जोडणीचा माणूस होता. ती जागा गेली, तिच्याबरोबरचा भत्ता गेला. भरपाईसाठी तो आमच्याकडे आला. १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आलेले सूत्र असे की इजा नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात झालेली असावी. ही नव्हती. मालकाशी भांडायला आमच्या हातात काही नव्हते. तारापूरला स्फोट झाला की वर्तमानपत्रात मथळा येतो. अंगणात गेलेल्या बोटांची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही.

म्हणून नियम सांगतो, आणि ते युनियनच्या सभासदांना आम्ही दरडावून सांगतो. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलण्याचे नाही. गाडी उचलली की खाली लोखंडी घोड्या लावायच्या. सुमारे नऊशे किलोचे ओझे आहे ते. वसाहतीतल्या वेल्डरला चार घोड्या करायला एक दुपार पुरते. पेट्रोलची टाकी घरी वेल्ड करायची नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा भयंकर, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते. जुने ब्रेक लायनिंग ॲस्बेस्टॉसचे असू शकते. ड्रम उघडल्यावर तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने धूळ उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकायचे. जुन्या रंगात शिसे असते, म्हणून कोरडा पॉलिश पेपर मारायचा नाही, पाणी लावून घासायचे, आणि मुले अंगणात खेळत असतील तर ते काम त्या दिवशी करायचेच नाही. दोन डबे मिसळून मारायचा आजचा चकचकीत रंग फवारताना त्यातली आयसोसायनेट छातीत जाते आणि धडधाकट माणसाला कायमचा दमा जडवू शकते. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवीत नाही. रंगाची खोली असलेल्या गॅरेजात पैसे मोजून तेवढे काम करून घ्यावे. घरी केल्याचा अभिमान बाकीच्या कामात मिळवावा.

गाडी जोडून झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्पार्क प्लग काढून इंजिन स्टार्टरवर फिरवावे, म्हणजे तेल सगळीकडे पोचते. मग प्लग लावावेत. ठिणगीचा क्रम १-३-४-२. तेलाच्या दाबाचा लाल दिवा विझला नाही तर ताबडतोब बंद करावे. पहिले पाचशे किलोमीटर हळू, चढावर वरचा गिअर न ताणता चालवावी. नंतर तेल बदलावे आणि हेडचे बोल्ट थंड इंजिनावर क्रमाने पुन्हा आवळावेत. पावसाळ्यात गाडी उभी करायची झाली तर प्लास्टिकचा कागद अंगाला घट्ट गुंडाळू नये, त्याखाली घाम धरतो. छपराखाली, चाके जमिनीपासून उचलून, काचा बोटभर उघड्या ठेवून उभी करावी. बॅटरी काढून घरात न्यावी, टाकी काठोकाठ भरावी म्हणजे ओल्या हवेला आत जागा राहत नाही, आणि पन्हळाखालची भोके जूनच्या पहिल्या आठवड्यात तारेने मोकळी करावीत.